कमरेचा की गळ्यातला

योव्सेत लोहाराने दोन्ही चाकू बाकावर शेजारी शेजारी ठेवले आणि हात पुसत बाजूला झाला. एकाचं पातं हातभर नसलं तरी वीतभराहून मोठं, कमरेला लटकवायचं. दुसऱ्याचं जेमतेम बोटभर, गळ्यात अडकवायचं. मुठी दोन्हींच्या एकाच बर्च झाडाच्या गाठीतून काढलेल्या. सुन्नाने लहान चाकूकडे हात नेला. तेवढ्यात तिच्या आईने, गारेनने, मोठा उचलून तिच्या हातात कोंबला.

"हा घे. त्या टाचणीनं काय मासे साफ करणार आहेस?"

"आई, चाकू मला घ्यायचाय ना?"

"तुलाच. म्हणून तर बोलतेय. वादळ आलं तर फांद्या कशानं तोडशील? दातांनी?"

योव्सेत गालातल्या गालात हसला आणि कॉफीची किटली शेगडीवरून उतरवायला वळला.

तळ्यापलीकडच्या उतारावर रेनडिअरच्या माद्या विणार होत्या. कुणीतरी जाऊन त्यांच्यापाशी राहायला हवं होतं. दरवर्षी सुन्नाचा नीलास काका जाई. यंदा एकोणीस वर्षांच्या सुन्नाने हट्टच धरला होता. वाट गोठलेल्या तळ्यावरूनच होती. तळं अजून पांढरंशुभ्र दिसत होतं, पण ते वरून. वसंतात तळ्यात शिरणारी नदी बर्फाला खालून कुठवर कुरतडते ते कुणाला कळतं? आमच्याकडे या दिवसांत तळ्याचं नाव काढत नाहीत. माणसं वाऱ्याबद्दल बोलतात, लांडग्यांबद्दल बोलतात, कुत्र्याच्या पायाबद्दल बोलतात आणि तळ्याकडे पाठ करून कॉफी पितात. गारेन तर खिडकीकडेही बघत नसे. तिचा नवरा मात्ते त्याच तळ्यात गेला होता. बाहेर काढला तेव्हा त्याचा मोठा चाकू कमरेलाच होता, गोठलेल्या कोटाखाली, म्यानातसुद्धा जसाच्या तसा.

मग तिला मोठाच चाकू का हवा होता? कारण योव्सेतची फळी. मात्ते गेल्यापासून हा म्हातारा परीक्षा घेतल्याशिवाय चाकू देत नसे. हातमोजे बर्फाच्या पाण्यात बुडवायचे, कोट कसून बांधायचा, जमिनीवर ठोकलेल्या फळ्यांवर पालथं पडायचं आणि बर्फ फुटून पाण्यात पडल्यासारखं झटकन चाकू काढून, फळीत रोवून, अंग पुढे ओढायचं. जमलं तर चाकू तुमचा. मोठा चाकू पोरीला जमणार नाही आणि काका जाईल, असा गारेनचा हिशेब होता. अर्थात असं तिने स्वतःशीही कबूल केलं नव्हतं. भ्यालेली आई फार धूर्त होते.

"चल, मोठ्यापासून सुरू कर," योव्सेत म्हणाला.

सुन्नाने मोजे बुडवले, चाकू कमरेला बांधला आणि ती पालथी पडली. तिचा हात पोटाखाली चाचपडला, कोटाच्या घोळात अडकला. ती कुशीवर वळली, पुन्हा वळली. पातं निघेपर्यंत तिचा चेहरा लाल झाला होता.

"उशीर झाला," योव्सेत शांतपणे म्हणाला.

गारेनला सुटल्यासारखं वाटलं आणि लगेच स्वतःची लाजही वाटली. "बघ! मी सांगत होते. काकाला जाऊ दे यंदा. पुढच्या वर्षी बघू."

"अजून लहान चाकू राहिलाय, आई."

"हट्टी! अगदी बापावर गेलीस."

सुन्नाने मोजे पुन्हा बुडवले, लहान चाकूची दोरी गळ्यात अडकवली आणि पडली. हात हनुवटीखाली गेला न गेला तोच पातं बाहेर आलं. खच्च! फळीत रुतलं. पाय तिने मागे सपाट झोडपले, जशी मासे शेपटी झोडपतात. अंग पुढे सरकलं. पुन्हा खच्च, पुन्हा पुढे. शेवटच्या फळीवर पोचल्यावर ती उठली नाही. हात-पाय पसरून कुशीवरून कुशीवर लोळत लोळत थेट भिंतीपर्यंत गेली, आणि तिथेच पडून राहिली.

योव्सेतच्या हातातली किटली तशीच राहिली.

आजवर या फळ्यांवर किती माणसं पडली. शेवटाला पोचलं की सगळी ताडकन उठून उभी राहत, गुडघे झटकत, हसत. पायाखाली लाकूड असल्यावर दुसरं काय करणार?

"चाकू काढायला मी सांगतो," योव्सेत हळूच म्हणाला. "लोळायला मी कधी कुणाला सांगितलेलं नाही, पोरी. उभं राहिलं की बर्फ पुन्हा फुटतो, हे आत पडून आलेल्यालाच ठाऊक."

सुन्ना उठून बसली. तिने आईकडे बघितलं नाही, ओल्या मोज्यांकडे बघत राहिली. गारेनने बाकाची कड धरली.

"कधी?" तिने विचारलं.

"मागच्या आठवड्यात. जाळं काढायला गेले होते तेव्हा."

"ओढ्यात पाय घसरला म्हणालीस."

"म्हणाले."

"आणि मी तुझे कपडे वाळत घातले. वर तुला धांदरट म्हणाले. बाहेर कशी आलीस?"

"मोजे ओले होते ना, ते बर्फाला चिकटून गोठले. तेवढ्या आधारावर आले. काकाचा जुना चाकू होता कमरेला, पण..." सुन्नाने कोटाच्या घोळाला हात लावला. "हातच पोचेना. बाबांसारखंच."

शेगडीतलं लाकूड तडतडलं. योव्सेतने किटली ठेवली आणि काहीतरी आणायचं निमित्त करून तो मागच्या खोलीत गेला. शहाणा म्हातारा.

आता गारेनला कसलाच हिशेब करायची गरज नव्हती. नाही म्हणायला हाताशी खरंखुरं कारण होतं. मुलगीही तेच ऐकायच्या तयारीने बसली होती, मान खाली घालून.

"काकाला पाठव," सुन्ना स्वतःच म्हणाली. "पाठवायचं तर पाठव. पण बर्फ कुठं पातळ ते आता मला ठाऊक आहे, सांगून ऐकणार आहे का तो? आणि वजन बघ त्याचं. जमीनसुद्धा खचते त्याच्याखाली."

एरवी गारेन यावर हसली असती. तिने तो मोठा चाकू म्यानात घालून बाकाच्या पार दुसऱ्या टोकाला सरकवला. मग मुलीसमोर गुडघ्यांवर बसली, लहान चाकूची दोरी हातात घेतली आणि गाठ सोडली.

"फार खाली लोंबतोय हा. अजून वर पाहिजे."

"आई, गळा आवळेल."

"आवळू दे. इथं. हनुवटी लागली पाहिजे त्याला." गाठ जुळत नव्हती. मान वर न करता तिने विचारलं, "किती वेळ होतीस गं आत?"

"ठाऊक नाही. तुला हाका मारत होते, तेवढं आठवतंय."

गारेनने गाठ मारली. आता 'जा' म्हणायला हवं होतं. ते तिला म्हणता येईना, म्हणून तिने गाठ सोडली आणि पुन्हा पहिल्यापासून बांधायला घेतली.