नाकाडेबाईंची हरकत

रविवारी दुपारी टेलरकाका दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढून घेत, कापड बेतायच्या लांब टेबलावरचे तागे उचलून कोपऱ्यात उभे करत आणि मग चौघांची बैठक भरे. बैठकीला विषय एकच होता. एक जपानी कॉमिक मालिका, जिच्यात आचारी एकमेकांशी लढतात. मालिकेचं मूळ नाव इतकं लांब होतं की ते म्हणून होईपर्यंत चहा निवायचा, म्हणून ही मंडळी तिला नुसतं 'शेगडी' म्हणत.

'शेगडी'त कुणी साधा स्वयंपाक करतच नसे. कांदा इतका पातळ चिरला जाई की चकत्या हवेत तरंगत. वाफेचे ड्रॅगन होऊन प्रेक्षकांच्या डोक्यावरून जात. परीक्षक पहिला घास घ्यायचा आणि पुढच्या पानावर तो समुद्राच्या तळाशी किंवा स्वतःच्या बालपणात सापडायचा, अंगरखा चिंध्या होऊन उडालेला. नायिका म्हणजे लाल रुमालवाली. तिचा वैरी बर्फहात्या, ज्याच्या बोटांच्या स्पर्शाने रस्सा गोठतो.

नवा खंड आला की तो टेबलाच्या मधोमध ठेवायचा, उजवीकडून उघडायचा आणि एका बाजूला काकांची मोठी कात्री ठेवून पान दाबून धरायचं. वाचून दाखवायचं काम लिफ्टवाल्याचं. हा गडी दिवसभर इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायचा आणि संवाद समोर दिसतील तसे मराठीत सांगायचा. बर्फहात्या त्याच्या तोंडून हाउसिंग सोसायटीच्या चिडक्या सेक्रेटरीसारखा बोलायचा. ते सगळ्यांना आवडायचं.

बैठकीचा नियमही एकच होता, हरकतीचा. प्रत्येकाने हरकत घ्यायची ती फक्त स्वतःच्या धंद्यापुरती. काका म्हणत की अंगरखा असा छातीवर फाटत नाही, शिवण आधी काखेत उसवते. दातांची डॉक्टर परीक्षकाच्या दाढा मोजून सांगे की या माणसाला चार जास्त आहेत. लढतीचा आखाडा स्वयंपाकघरासकट वर उचलला जातो तिथे लिफ्टवाला वाचन थांबवून काउंटरवेट, म्हणजे तोल सांभाळणारं वजन, कुठे आहे ते विचारी. गंमत अशी की काउंटरवेटवर अडून बसणाऱ्या लिफ्टवाल्याला ड्रॅगन चालायचा, आणि काखेतल्या शिवणीवरून तावातावाने बोलणाऱ्या काकांना छत्तीस दातांचं काही वाटायचं नाही. आपला धंदा येईपर्यंत प्रत्येकाला सगळं खरं वाटत होतं.

चौथी नाकाडेबाई. हे तिचं आडनाव नव्हे, बैठकीने तिच्या नाकावरून ठेवलेलं नाव. पण लिफ्टवाल्याने एकदा खंडाच्या पार्सलवर गमतीने तेच घातलं आणि कुरिअरवाल्याने ते काही न विचारता तिच्या हाती दिलं, तेव्हापासून ते पक्कं झालं. ती डेअरीत टँकरमधलं दूध उतरवून घ्यायच्या धक्क्यावर होती. टँकर आला की वरचं झाकण उघडायचं आणि आधी वास घ्यायचा. मग तापमान, मग आम्लता, मग बाकी सगळं. दुधात चाऱ्याचा, गोठ्याचा किंवा औषधाचा वास शिरला असेल तर तो यंत्राला कळण्याआधी नाकाला कळतो. कधी कधी यंत्राला कळतच नाही. तिचं नाक चांगलं म्हणून तिच्यापेक्षा जुन्या तिघांना डावलून साहेबांनी तिला धक्क्यावर घेतलं होतं, आणि त्या तिघांनी नाकं मुरडली होती.

गेल्या महिन्यात तिला ताप येऊन गेला, आणि तापाबरोबर वासही गेला.

सकाळी उठल्यावर ती कॉफीचा डबा हुंगायची, मग साबण, मग फिनेलची बाटली. फिनेलने डोळ्यांत चुरचुरायचं, पण वास म्हणून काही नाही. गोड, खारट, आंबट, कडू एवढं जीभ सांगायची. पण ती चार अक्षरं झाली, शब्द नव्हते. धक्क्यावर ती पूर्वीसारखीच झाकणावर वाकायची, डोळे मिटायची आणि मान हलवायची. मग प्रत्येक टँकरच्या दुधाच्या दुप्पट तपासण्या करायची, त्यामुळे फाटकाबाहेर रांग लागायची आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवायचे. चुकीचं काही आत गेलं नसावं असं तिला वाटत होतं. त्यातलं 'नसावं' तिला रात्रभर टोचायचं. सांगितलं तर धक्का जाणार, हे नक्की होतं. तिच्या हाताखाली आलेली चष्मेवाली मुलगी हुशार होती आणि वाटच पाहत होती.

त्या रविवारचं प्रकरण नेमकं दुधाचं निघालं. बर्फहात्याने दुधाचं गार पुडिंग केलं होतं, एकात एक अशा सात झाकणांखाली ठेवलेलं. म्हातारा परीक्षक उठला. लढती नसतात तेव्हा हा आपल्या नाकावर रेशमी खोळ घालून ठेवतो. त्याने खोळीची गाठ सोडली तशी आखाड्यात शांतता पसरली. झाकणं तशीच असताना त्याने एक श्वास घेतला आणि सांगितलं की ही गाय उत्तरेच्या उतारावर चरली आहे, डोंगरावर तेव्हा धुकं होतं, आणि दूध देताना तिला आईची आठवण येत होती.

लिफ्टवाल्याने गायीची आठवण फार मनापासून वाचली. मग त्याने पानावर हात ठेवला आणि तिघेही नाकाडेबाईकडे बघू लागले. दूध आणि वास एकाच चौकटीत, एवढी आयती हरकत बैठकीत आजवर कुणाला मिळाली नव्हती. डॉक्टर तर पाय वर घेऊन सावरून बसली.

तिच्याकडे सांगायला होतं. गार दुधाचा वास फारसा उडत नाही, पहिल्या झाकणाखाली जी हवा कोंडते तिच्यातच काय ती खबर असते, सात झाकणांतून काही येत नाही. हे तिला पाठ होतं. पण तोंड उघडल्यावर तिला वाटलं की आपण दुसऱ्याचे कपडे घालून उभ्या आहोत.

"हरकत नाही," ती म्हणाली.

बाहेर कुठेही या दोन शब्दांचा अर्थ 'चालेल' एवढाच होतो. या दुकानात ते कुणी कधी म्हटलेच नव्हते.

लिफ्टवाल्याने तिला विचारलं की सात झाकणं दिसली ना, का परत वाचू. डॉक्टर म्हणाली की डेअरीने हिला विकत घेतलंय, आता ही कंपनीच्या विरोधात बोलायची नाही. काकांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. नाकाडेबाईने हसून घेतलं, गायीवर कोण हरकत घेणार असं काहीतरी म्हणाली आणि विषय बदलावा म्हणून डब्याकडे हात केला.

डब्यात डॉक्टरने केलेलं कस्टर्ड होतं. खाण्याचा निकाल 'शेगडी'च्या थाटात द्यायची बैठकीत पद्धत होती, आणि तो मान नाकाडेबाईचा. तिने चमचा तोंडात घातला. गोड, मऊ, गार. मघाचं झाकायला तिने आज जरा जास्तच आवाज लावला. तिने डोळे मिटले, छातीवर हात ठेवला आणि सांगितलं की मी एका पिवळ्या नदीत उताणी पडून वाहते आहे, काठावरची झाडं माझ्या अंगावर व्हॅनिलाची फुलं टाकताहेत, वर आकाश नाही, नुसती साय आहे, आणि माझ्या कुर्त्याची बटणं एकेक करून चंद्राकडे निघाली आहेत.

डोळे उघडले तेव्हा कुणी हसत नव्हतं. लिफ्टवाल्याने घास तोंडातच धरला होता. डॉक्टर स्वतःच्या वाटीकडे टक लावून बघत होती.

"मी म्हणणारच होते," डॉक्टर हळू आवाजात म्हणाली. "फोन आला आणि ढवळायचं राहिलं. आणताना वाटलं, व्हॅनिला दुप्पट घातलंय, जाईल लपून."

काकांनी वाटी खाली ठेवली. "दूध लागलंय, नाकाडे," ते म्हणाले. "शटर अर्धं खाली असतानाही रस्त्यावरच्या माणसाला कळेल इतकं लागलंय."

थट्टा केली, असं ती म्हणू शकली असती. लिफ्टवाल्याने तर तिच्यासाठी तशी वाट काढूनही दिली, म्हणाला की नाकाडेबाई टोमणा मारत होत्या, आपल्यालाच कळला नाही. पण ती वाट तिने घेतली नाही. मग तिने सगळं सांगितलं. ताप, कॉफीचा डबा, दुप्पट तपासण्या, रांग. सांगताना ती चमच्याने कस्टर्डला खड्डे पाडत होती.

डॉक्टरने पटापट प्रश्न विचारले. एकदम गेला की हळूहळू? दोन्ही नाकपुड्या? अधूनमधून जळकट असा भास होतो का? ती म्हणाली की मी हिरड्यांची बाई, पण नाकाचा माणूस माझ्या ओळखीचा आहे, उद्या संध्याकाळी तुला घेऊन जाते. ताप येऊन गेल्यावर होतं असं. बऱ्याच जणांचा वास महिन्यांनी परततो, काहींचा अर्धाच. आधी सांगता येत नाही.

लिफ्टवाल्याला हे सहन होईना. काहीतरी युक्ती निघालीच पाहिजे, असा त्याचा स्वभाव होता. त्याने आठवण करून दिली की पाचव्या खंडात लाल रुमालवालीची जीभ भाजली होती, तरी तिने कढईचा आवाज ऐकून लढत जिंकली. तुम्हीही दुधाचा आवाज ऐका, उकळी ऐका, माणसाचं एक गेलं की दुसरं तीक्ष्ण होतं म्हणतात.

"ती हरली असती तर काय झालं असतं?" नाकाडेबाईने विचारलं. "रुमाल गेला असता. माझं दूध सकाळी लोकांच्या घरी जातं रे. पोरं पितात."

लिफ्टवाला ओशाळला. त्याने खंड मिटला आणि कात्री उचलून बाजूला ठेवली.

काका उठले, मशीनजवळची पिनकुशन घेऊन आले आणि तिच्यासमोर ठेवली. तिच्यात ओळीने सुया खोचलेल्या होत्या, प्रत्येकीत दोरा आधीच ओवलेला. काळा, पांढरा, खाकी, निळा. त्यांनी सांगितलं की दोन वर्षं झाली, सुईचं भोक दिसत नाही. बायको सकाळी ओवून देते. गिऱ्हाइकाला सांगत नाही, पण बायकोला सांगावंच लागलं. तो दिवस वाईट होता. नंतरचे तसे नाहीत.

"पण काका, तुम्ही टेलर राहिलात," ती म्हणाली. "मी धक्क्यावर राहणार नाही."

"नसशील राहणार," काका म्हणाले. त्यांनी तिला खोटं काही सांगितलं नाही, आणि त्याबद्दल तिला बरंच वाटलं.

तिने तिथूनच साहेबांना फोन लावला. बाकीचे तिघे उगाच ताग्यांकडे बघत राहिले. साहेबांना आधी वाटलं की ती रजा मागते आहे.  नंतर म्हणाले की रांग का लागते ते आता कळलं, मला वाटत होतं तुमचं ड्रायव्हरांशी भांडण झालंय. ते चिडले, आणि चिडायला हवंच होतं. आणखी कुणाला माहीत आहे, असं त्यांनी विचारलं. "तिघांना," ती म्हणाली, "पण त्यातलं डेअरीचं कुणी नाही." सकाळी लवकर या, एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

सकाळी साहेब तिच्या आधी येऊन बसले होते. त्यांनी महिन्याभरातल्या तक्रारी काढून ठेवल्या होत्या. वासाबद्दल एकच होती, एका बाईच्या दुधाला कांद्यासारखा वास येत होता. तो तिच्या फ्रिजमधला असेल किंवा नसेलही. आता ते शोधायचा मार्ग नव्हता, आणि नाकाडेबाईला ते तसंच सोबत घेऊन चालायचं होतं. साहेबांनी सांगितलं की आजपासून झाकण चष्मेवाली उघडेल. तुम्ही नाकाच्या डॉक्टरांचा कागद आणा, मग पुढचं बघू. तोवर तपासणीच्या टेबलावर बसा. दाराशी पोचल्यावर त्यांनी तिला थांबवलं. आजचा दिवस तिच्याबरोबर उभ्या राहा, म्हणाले, पोरगी नवी आहे.

चष्मेवालीला सगळं कळलेलं होतं, आणि तिला आनंद लपवता येत नव्हता तसाच संकोचही. पहिल्या टँकरच्या शिडीवर ती चढली. नाकाडेबाई एक पायरी खाली उभी राहिली. झाकण उघडलं. चष्मा घसरेल म्हणून मुलीने तो कपाळावर सरकवला, वाकली आणि लगेच मान वर केली.

"चांगला आहे," ती म्हणाली.

"चांगला म्हणजे कसा?"

"म्हणजे... दुधासारखा."

"ते ड्रायव्हरलाही माहीत आहे. घाई करू नकोस. पहिल्या वासाला नाक भुलतं. तोंड बाजूला कर, बाहेरची हवा घे, मग परत जा."

मुलीने तसं केलं. या वेळी ती बराच वेळ वाकलेली राहिली. मागच्या ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. नाकाडेबाईने वळून न पाहता त्याला थांबायची खूण केली.

"थोडं गोडसर आहे," मुलगी झाकणातूनच बोलली, त्यामुळे आवाज घुमला. "ओलं गवत नाही. वाळलेलं. गंजीतलं."

नाकाडेबाईने डोळे मिटले. तिला काहीच आलं नाही. पण गंजीतलं गवत कसं असतं ते तिला आठवत होतं, आणि त्याच्या आड काय काय लपून बसतं तेही.

"बरं," ती म्हणाली. "आता ते गवत बाजूला सार. त्याच्या खाली काय आहे?"

मुलीने श्वास सोडला आणि पुन्हा खाली वाकली.