फक्त दोघींचा खेळ

मी कवळ्या बनवते. दातांचे डॉक्टर ठसा पाठवतात, मी त्यात प्लास्टर ओतते, मेणात एकेक दात बसवते. ते तोंड मला कधी बघायलाही मिळत नाही. चिकाटीचं काम आहे आणि मी चिकाटीची आहे. भाऊ म्हणतो, हट्टी.

या भावाची मुलगी मुंगी, वय वर्षं नऊ. घरातल्या वस्तू इकडच्या तिकडे वाहून नेते, म्हणून मुंगी. ती चार वर्षांची झाली तेव्हापासून शनिवार माझा. भाऊ आणि वहिनी दोघंही शनिवारी कामावर असतात, त्यामुळे सकाळी दहाला ती माझ्या दारात आणि संध्याकाळी सहाला वहिनी तिला न्यायला. पाच वर्षं हे असंच चाललं होतं. कांजिण्यांचा एक शनिवार सोडला तर खाडा नाही.

आणि मग मावशी आली. वहिनीची धाकटी बहीण. आली ती थेट आमच्यापासून दोन स्टॉपवर राहायला. मुलांच्या नाटकांचे कपडे शिवते म्हणे. घरात सगळीकडे पिसं, झालरी, खोट्या दाढ्या. आणि हसणं असं की खालच्या मजल्यावरच्यांनी वर बघावं! पहिला शनिवार तिने सहज मागितला. दुसरा मुंगीने आपणहून मागितला. तिसऱ्या शनिवारी मी फोन केला, तर वहिनी म्हणाली, "अगं, तुलाही जरा आराम मिळेल!" आराम! मी कधी मागितला होता आराम?

"तिकडे एवढं काय करता गं तुम्ही?" मी मुंगीला विचारलं. आवाज अगदी साधा ठेवून.

"गोष्ट खेळतो. मी गोष्टीत असते. मावशी विचारते, आता तू काय करशील? आणि मी सांगते ना, तेच होतं!"

म्हणजे मी पाच वर्षं सांगत आले त्या गोष्टी आता शिळ्या झाल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी चौकशी केली, तेव्हा कळलं की असले खेळ चक्क पेटीत मिळतात. रोलप्लेइंग गेम म्हणतात. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्यात कोणी ना कोणी होतात आणि काही अवघड करायचं झालं की फासा टाकतात. म्हटलं, ठीक आहे. तू तोंडाने सांगतेस ना, मी पेटी आणते.

दुकानदार भला माणूस होता, पण भारी चौकस. मुलगी किती वेळ एका जागी बसते? वाचायला आवडतं का? कशाची भीती वाटते? खेळणार कोण कोण? मग त्याने तीन पेट्या काढल्या. पहिलीत जंगलातले प्राणी, नियम एका पानात, चौघांसाठी. दुसरीत बेटं आणि नकाशे, तिघांसाठी. तिसरी त्याने हातातच ठेवली.

"हा दोघांचा. एक सांगणारा, एक खेळणारा. पण पहिलाच खेळ असेल तर मी हा नाही देणार. मूल एकटं पडतं, सगळे निर्णय त्याच्या एकट्याच्या डोक्यावर येतात. दोन-तीन जण असले की पोरं खुलतात. घरात आणखी कोणी नाही का?"

"यात तिसरं माणूस बसूच शकत नाही? नक्की?"

"नाही बसत."

"मग हाच द्या," मी म्हणाले.

चार दिवस मी कामाच्या टेबलावर मेणाशेजारी नियमांचं पुस्तक उघडं ठेवून घोकत होते. त्या नादात एका आजोबांच्या सुळ्याच्या जागी दाढ बसवली होती. डॉक्टरांकडे जायच्या आधी दिसली म्हणून वाचले. शुक्रवारी वहिनीला फोन करून सांगितलं की मुंगीसाठी एक गंमत आणली आहे, उद्या इकडेच पाठव. जवळजवळ हुकूमच सोडला.

मुंगी आली. वीस बाजूंचा फासा बघून तिचे डोळे चमकले आणि माझं अर्धं काम झालं. मी पुस्तकात लिहिल्याप्रमाणे माझ्या पुढ्यात पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला. त्याच्यामागे सांगणाऱ्याने आपले कागद ठेवायचे, फासे टाकायचे. खेळणाऱ्याला ते दिसता कामा नयेत. मुंगी झाली वाट शोधणारी. धनुष्य घेतलं, दोरी घेतली, एक म्हातारं गाढवही घेतलं.

"आता एक सोबती निवड," मी वाचून सांगितलं. "त्याच्या वतीने मी बोलणार."

मुंगीने पेन्सिल चावत माझ्याकडे बघितलं, मग आडोशाकडे बघितलं, आणि म्हणाली, "एक बाई आहे. ती खूप मोठ्यांदा हसते. तिच्या पिशवीत पिसं असतात."

"नाव काय तिचं?" मी विचारलं. मला काय कळत नव्हतं?

"मावशी."

आता नियम म्हणजे नियम. मी मावशी होऊन बोलले. तिच्यासारखी हसलेसुद्धा, आणि इतकं हुबेहूब जमलं की मुंगी खुर्चीवरून घसरली. दोघी डोंगर चढल्या. मावशीने पिसं लावून गाढवाला राजा केलं. मुंगी म्हणाली, मी मावशीचा हात धरते. मी म्हणाले, बरं, धरलास. माझ्या घरात, माझ्या टेबलाशी, मी माझ्याच तोंडाने पोरीला मावशीबरोबर फिरायला पाठवत होते. अशी जळफळत होते म्हणून सांगू!

मग दोरांचा पूल आला. मुंगीने फासा टाकला, चौदा. दहाच्या वर म्हणजे पार. सोबत्याचा फासा सांगणाऱ्याने टाकायचा, आडोशामागे. मी टाकला. सतरा.

"पडली," मी म्हणाले. "मावशी पडली. खाली नदी खोल होती, वाचली नाही."

मुंगीची हनुवटी थरथरायला लागली. ती उठली, टेबलाला वळसा घालून आली आणि माझ्या मांडीवर चढून बसली, चार वर्षांची असताना बसायची तशी. मी तिला थोपटत होते, आणि देवाशपथ सांगते, मला छान वाटत होतं.

तिने बाहीने नाक पुसलं. मग टेबलाकडे बघितलं.

"आत्या, सतरा आहेत."

फासा मी हलवलाच नव्हता.

"तू खोटं सांगितलंस."

"हो."

"का?"

"कारण मी जळते तिच्यावर," मी म्हणाले. एवढं केल्यावर लपवायचं तरी काय? "शनिवार माझे होते. ती आली आणि घेऊन गेली. आणि हसते पण किती!"

मुंगी मांडीवरून उतरली. मला वाटलं, आता ही बूट घालणार, वहिनीला फोन लावा म्हणणार, आणि पुन्हा या घरात पाऊल टाकणार नाही. तसं तिने केलं असतं तर मी एक शब्द बोलू शकले नसते.

"मी तुलाच घेणार होते," ती म्हणाली. "पण तू आधीच पुठ्ठ्यामागे जाऊन बसलीस."

"सांगणारीला आत नाही येता येत गं. दोघींचाच खेळ आहे."

"असला कसला खेळ आणलास!" मुंगी चिडली. नाकपुड्या फुगवून, अगदी माझ्यासारखी. "मावशीला सांगू दे ना गोष्ट. मग तू माझी सोबती होऊन आत येशील. लाव फोन."

"मी?"

"मग कोण? खोटं कोण बोललं?"

लावला फोन. मुंगी कंबरेवर हात ठेवून समोर उभी.

"अय्या, तुम्ही?" मावशी म्हणाली. "मुंगी बरी आहे ना?"

"बरी आहे. पुढच्या शनिवारी या इकडे. आमच्या खेळात गोष्ट सांगायला कोणीतरी हवंय." आणि मी तिला सगळं समजावून सांगितलं. आडोसा, फासे, सोबती.

पलीकडून हसण्याचा आवाज आला नाही.

"म्हणजे तुम्ही दोघी बरोबर जाणार," ती हळूच म्हणाली, "आणि मी मागे बसून नुसती सांगत राहणार?"

"हो," मी म्हणाले. सबंध महिन्यात मला इतकं बरं वाटलं नव्हतं.