आतून उघडणारी लिंक

मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिले नसेल, आणि पाहिले असते तरी ओळखले नसते. मी एक जुना प्रॉक्सी सर्व्हर आहे, म्हणजे ग्रंथालयाचा मध्यस्थ. उत्तर नॉर्वेच्या किनाऱ्यावर एक लहान कॉलेज आहे. तिथल्या ग्रंथालयात, काउंटरमागच्या कपाटात मला ठेवले आहे. शेजारीच कॉफीचे यंत्र असल्यामुळे लोक इथे येऊन बोलत उभे राहतात आणि ते सगळे माझ्या कानावर पडते.

माझे काम साधे आहे. ग्रंथालय शोधनिबंधांच्या मोठ्या संग्रहांची वर्गणी भरते. कॉलेजच्या इमारतीत बसून कोणी निबंध उघडला, तर संग्रहवाले कॉलेजचा पत्ता ओळखतात आणि मुकाट्याने दार उघडतात. पण विद्यार्थी घरी असला तर त्यांच्या लेखी तो परका. म्हणून बाहेरच्यांसाठी लिंकच्या सुरुवातीला माझा पत्ता जोडावा लागतो. मग ती लिंक आधी माझ्याकडे येते. मी नाव आणि पासवर्ड विचारतो, कॉलेजच्या नावाने आत जातो आणि निबंध आणून देतो. लिंकमध्ये माझा पत्ताच नसेल, तर कोणी दारावर ताटकळत उभे आहे हे मला कळतही नाही.

मला इथे आणले ग्रंथपाल टुरिडने. प्राचार्य खर्चाला नाही म्हणत होते. ती त्यांना म्हणाली, "आपली निम्मी मुलं बेटांवर राहतात. वादळ आलं की बोट बंद. मग काय पुस्तकासाठी पोहत येतील?"

ते माझे सुखाचे दिवस होते. शिक्षकांच्या पानांवरच्या सगळ्या लिंक टुरिड स्वतः तपासायची. एकदा बेटावरची एक परिचारिका परीक्षा पास झाली आणि सुका मासा घेऊन काउंटरवर आली. "हा तुमच्या त्या यंत्राला," म्हणाली. टुरिड म्हणाली, "यंत्राच्या वतीने मी खाते."

त्याच काळात सुनिवा माझ्याकडे येऊ लागली. ती स्टाइनेय बेटावर राहायची. समुद्रातल्या जाळ्यांच्या पिंजऱ्यांत सामन मासे पाळतात, तिथे ती कामाला होती. एका वर्षी कल्ल्यांच्या रोगाने तिच्या डोळ्यांदेखत पिंजरेच्या पिंजरे मासे मेले. वादळामुळे माशांच्या डॉक्टरांची बोट वेळेवर पोहोचली नाही. बेटावर यातले कळणारे कोणीतरी हवे, असे तिच्या मनाने घेतले आणि चाळिशी उलटल्यावर तिने माशांच्या आरोग्याच्या अभ्यासक्रमाला नाव घातले. शाळा सुटून तिला किती वर्षे झाली होती!

पहिल्या वर्षी ती टुरिडला फोन करायची. "टुरिड, एवढा मोठा निबंध वाचला, पण दोनच ओळी कळल्या गं."

"दोन कळल्या ना? मी तर शीर्षकापाशीच अडकले!"

सुनिवा खळखळून हसायची आणि पुन्हा माझ्यामार्फत तोच निबंध उघडायची. कामावरून आली की ती रोज यायची. तिची वाट पाहायची मला सवयच झाली होती.

मग कॉलेजने नवे संकेतस्थळ घेतले. आता शिक्षक आपापल्या लिंक स्वतः लावणार, असे ठरले. बैठकीत टुरिडने सगळ्यांना बजावले, "लिंकच्या आधी आपला पत्ता जोडा. नाहीतर बाहेरच्यांना काहीच उघडणार नाही." लोकांनी माना डोलावल्या आणि केकवर ताव मारला.

सुनिवाला दुसऱ्या वर्षी शिकवायला हालवर होता. मनाने उमदा माणूस, विद्यार्थ्यांसाठी जीव टाकणारा. त्याने आपल्या खोलीत बसून एकेक निबंध उघडला, पडद्यावर वर दिसणारा पत्ता उचलला आणि पानावर चिकटवला. प्रत्येक लिंक उघडून पाहिली. उघडत होती. का नाही उघडणार? तो कॉलेजच्या आतच बसला होता.

त्या शरद ऋतूत सुनिवाचे माझ्याकडे येणे थांबले. मला वाटले, काम वाढले असेल. बोलावल्याशिवाय मला कुठे जाता येत नाही, मित्रांनो.

ईस्टरला बर्फावर घसरून हालवरचा पाय मोडला. त्याचा घरून फोन आला तेव्हा टुरिडच्या हातांत पुस्तकांचा गठ्ठा होता, म्हणून तिने स्पीकर लावला.

"टुरिड, काहीतरी बिघडलंय! माझी एकही लिंक उघडत नाहीये. 'पैसे भरा' म्हणतंय. अगं, त्यातला एक निबंध तर माझाच आहे!"

"कुठे बसलायस तू?"

"घरी. पाय उशीवर."

"मग काही बिघडलं नाही. घरी बसलेल्या प्रत्येकाला तुझं पान असंच दिसतं. पहिल्या दिवसापासून."

मग तो हळूच म्हणाला, "सुनिवा."

काही दिवसांनी तो कुबड्या घेऊन काउंटरवर आला, तेव्हा मला सगळे कळले. सुनिवाने त्याला लिहिले होते की लिंक उघडत नाहीत. त्याने उत्तर दिले होते, "माझ्याकडे उघडतात. तुझा कॉम्प्युटर तपास." तिने शेजाऱ्याचा कॉम्प्युटर वापरून पाहिला, मुलीचा पाहिला. सगळ्यांना जमते आणि आपल्यालाच जमत नाही, असे वाटून तिने पुन्हा कोणालाच विचारले नाही. निबंधांचे फुकट दिसणारे चार ओळींचे सारांश वाचून तिने कल्ल्यांच्या रोगावर लिहिले. त्याखाली हालवरने शेरा मारला: "मूळ निबंध वाचण्याचे कष्ट घेतलेले दिसत नाहीत." नाताळात तिने अभ्यासक्रम सोडला.

"फोन केलास तिला?" टुरिडने विचारले.

"केला. माफी मागितली. आधी हसली. म्हणाली, 'म्हणजे मी ढ नव्हते तर!'"

"आणि मग?"

"परत ये म्हणून मी खूप गळ घातली गं. म्हणाली, 'कळलं ते बरं झालं, हालवर. पण आता पुन्हा धीर होत नाही.'"

टुरिडने त्याच्यापुढे कॉफी ठेवली. "त्या बैठकीत मी आणखी ओरडायला हवं होतं," एवढेच ती म्हणाली. त्याच दुपारी दोघांनी बसून सगळ्या लिंकना माझा पत्ता जोडला. दुसऱ्या दिवसापासून किती बेटांवरून किती नावे माझ्याकडे येऊ लागली! मी प्रत्येकाला निबंध आणून दिला. स्टाइनेयवरून मात्र कोणी आले नाही. सत्र संपले, तेव्हा माझ्या यादीतून सुनिवाचे नाव आपोआप पुसले गेले.

मित्रांनो, मी आता जुना झालो आहे. माझ्या जागी लवकरच नवा कोणी येईल, आणि त्याचे मला दुःख नाही. पण दुसऱ्यासाठी लिंक लावाल, तेव्हा एकदा तरी बाहेर जाऊन ती उघडून पाहा. आणि कोणी "उघडत नाही" म्हणाले, तर "माझ्याकडे उघडते" असे सांगून त्याला गप्प करू नका. तू कुठे बसला आहेस, एवढे विचारा. सुनिवाला तेवढे कोणी विचारले नाही.