तुझ्या बाबांना सांग

सोमवारी ढवळ्यांचं स्वयंपाकघर हॉलपासून अर्धा किलोमीटर लांब गेलं. कारण साधंच. बाबांनी आईला न विचारता चंद्रपूरची बदली मागून घेतली, आईने अबोला धरला, आणि आता दोघं बोलायचे ते सहावीतल्या पुष्करच्या तोंडून. एक निरोप गेला की मधला पॅसेज चाळीस पावलं वाढायचा.

"तुझ्या बाबांना सांग, चहा झालाय."

"तुझ्या आईला सांग, नकोय."

झालं, ऐंशी पावलं. मंगळवारपर्यंत पोराच्या पायांचे तुकडे पडले. बुधवारी त्याने सायकल काढली. शेजारच्या कुसुमकाकूंनी निम्म्या वाटेवर वडापावची गाडी लावली. अशी संधी सोडतील तर त्या कुसुमकाकू कसल्या.

"खाऊन घे. घरोघरी मातीच्या चुली," त्या म्हणाल्या. "तुमची जरा लांब आहे, एवढंच."

पुष्करने खाल्लं, पण घास गोड लागेना. रविवारी बाबा निघणार होते. हे असंच चाललं तर ते एकटेच जातील, आणि मग घर कुठवर लांबेल?

शनिवारी आई म्हणाली, "विचार, सोबत डबा काय देऊ." पुष्कर निम्म्या वाटेवर आला, सायकल भिंतीला टेकवली आणि फरशीवर बसला.

"मी काय यांचा पोस्टमन आहे?" तो काकूंना म्हणाला. त्याला रडू येत होतं.

तासभर उत्तर आलं नाही म्हणून आई एका टोकाने निघाली, चहा आला नाही म्हणून बाबा दुसऱ्या. दोघं घामाघूम होऊन पोचले आणि त्याच्या दोन बाजूंना टेकले. पॅसेज सरसर आखडला. काकू गाडीसकट दाराबाहेर गेल्या. घर पुन्हा दोन खोल्यांचं झालं. आता बोलतील, असं पुष्करला वाटलं, आणि त्याला फार बरं वाटलं.

आईने बाबांकडे पाहिलं. बाबांनी आईकडे. मग आईने पुष्करच्या उजव्या कानाशी तोंड नेलं.

"तुझ्या बाबांना विचार, चंद्रपूरला उन्हाळा फार असतो का."

"तुझ्या आईला सांग, कूलर घेऊ."

शर्टाची शिवण उसवली. पुष्करने मान वळवून पाहिलं, तर डावा खांदा ऐंशी पावलं दूर गेला होता आणि तिथून बाबा हात हलवत होते. दार ढकलून काकू आत आल्या. त्यांनी गाडी त्याच्या छातीच्या मधोमध उभी केली आणि चाकाखाली वीट सारली.