दंडावर बांधलेली देवी

भांडुपच्या टेकडीखालच्या चाळींत देवी मंगळवारी येत असे, आणि तीही दोरीने बांधून आणावी लागे.

मुद्रानाथबाबा बाईच्या दंडावर तांबडी दोरी करकचून आवळत आणि मंत्र पुटपुटत. काही जणींचे मनगट हळूहळू वाकडे होई, बोटे ताठ होऊन जुळत, अंगठा तळव्यात शिरे. "आईची मुद्रा!" म्हणत गर्दी लोटांगण घाली. ज्यांचा हात वळत नसे, त्यांची भक्ती कमी पडली, हा खुलासा तयारच असे.

मालनचा हात हमखास वळे. तिच्या अंगावर पिणारे मूल होते. बाबांनी आधी तिच्या जेवणातले दूध बंद केले, मग सुकट. "आईला वास सोसत नाही." (बाबांनाही सोसत नसे.) पथ्य वाढले तशी मुद्रा दोरीवाचूनही येऊ लागली. तेव्हा बाबांनी फर्मावले, "मूल अंगावरून तोडा आणि गावी पाठवा. आईला वाटेकरी चालत नाही." मालनच्या नवऱ्याने, दशरथने, मूल न्यायला बहीण जानकीला कोकणातून बोलावून घेतले.

जानकी मूल घेऊन निघणार होती त्या मंगळवारी मालनने गुपचूप डॉक्टर ऑलिव्ह अल्फान्सो यांना निरोप धाडला. स्टेशनाजवळ त्यांचा दवाखाना होता. बाबांभोवती गर्दी जमली असतानाच त्या चाळीत आल्या.

"या, डॉक्टरीणबाई," बाबा हसले. "तुमच्या दवाखान्यात देवी येते का?"

"बोलावून बघते ना!"

त्यांनी मालनच्या दंडाला रक्तदाब मोजायचा रबरी पट्टा गुंडाळला, हवा भरली आणि घड्याळाकडे बघत बसल्या. मंत्र नाही, धूप नाही. मालनचा हात वळला.

"अगो बाये!" जानकी ओरडली. "रबराकय देवी येता?"

"येते. आता जाते का बघू." डॉक्टरांनी शिरेत सावकाश कॅल्शियमचे इंजेक्शन दिले. थोड्या वेळाने पट्टा पुन्हा आवळला. बोटे मोकळीच राहिली.

"आता तुम्ही बांधा, बाबा."

बाबांनी दोरी आवळली, मंत्राचा सूर चढवला. मालनने बोटे हलवून दाखवली. "बाबा, दोरी रुततेय हो."

"सुईचा विटाळ झाला!" बाबा गरजले.

डॉक्टर दशरथकडे वळल्या. "बाळाला पाजून हिच्या रक्तातलं कॅल्शियम कमी झालंय, त्यात हे पथ्य. मज्जातंतू स्नायूला भिडतो, तिथं निरोप पोचवायला कॅल्शियम लागतं. तंतूला आवरून धरायलाही तेच लागतं. दंड आवळून रक्त अडवलं की कमजोर तंतू बिथरतात."

दशरथने कपाळाला आठ्या घातल्या. "थांबा हां. निरोपाला तेच लागतं ना? मग ते कमी पडल्यावर हात लुळा पडायला पाहिजे. वळतो कसा?"

डॉक्टर खूश झाल्या. "छान विचारलंत! निरोप पोचवण्यापुरतं अजून शिल्लक आहे. आवर आधी सुटतो. म्हणून तंतू कुणी न सांगताच निरोप धाडत सुटतात. तिला दूध, नाचणी, सुकट सगळं द्या. औषध मी देते. मूल तोडायची गरज नाही. पण दशरथ, मला पहिल्याच भेटीत अडवलंत; बाबांना इतके मंगळवार काहीच कसं विचारलं नाहीत?"

दशरथ बाबांकडे वळला. "बाबा, माझं पोर का तोडायला सांगितलंत?"

"देवाला प्रश्न विचारायचे नसतात."

"तुम्हाला विचारतोय."

बाबा दोरी गुंडाळू लागले. गर्दीतही कुणी हात जोडले नाहीत. चमत्कार खोटा पाडायला प्रत्येकाने डॉक्टर व्हायची गरज नसते. 'हे कसे होते?' एवढे मोठ्याने विचारावे, आणि उत्तर मिळेपर्यंत मान तुकवू नये.

जानकीने मूल मालनच्या ओटीत ठेवले. मालनने उघड्या, सरळ बोटांनी त्याचे डोके सावरले आणि पदराखाली घेतले.