चाळिसावा फॉर्म

आमच्या अभ्यासाला वीस महिन्यांची चाळीस मुलं हवी होती. एकोणचाळीस झाली आणि गाडं अडलं.

सर म्हणाले, "काखेत कळसा नि गावाला वळसा! तुमची भुंगी आहे की."

फॉर्म मीच तयार केलेला. तीनशे शब्द, मूल जो शब्द स्वतःहून म्हणतं त्यावर खूण करायची. वर ठळक सूचना : 'जागेपणी मुलासोबत सर्वांत जास्त वेळ असणाऱ्या व्यक्तीनेच भरावा.' अंदाजपंचे भरू नका, कानांनी ऐकलंय तेवढंच, असं आयांना तीन वर्षं बजावत आलेय. जेवणाच्या सुट्टीत भुंगीचा भरला. नातं : आई. शब्द : सव्वीस.

 लेक बोलण्यात मागे पडली आणि मुलांच्या बोलण्यावर पोट भरणारीला पत्ता नाही!

संध्याकाळी पाळणाघरात मावशींपुढे फॉर्म धरला. त्यांनी चष्मा चढवला.

"मोजा म्हणते की. पायातले दोन्ही काढून भिरकावते नि मलाच विचारते, मोजा? झाडू म्हणते. साबण म्हणते. सव्वीस कुणी सांगितले हो ताई? दिवसभर डोकं खाते माझं!"

"मीच सांगितले."

मावशी यादीवर बोट ठेवत एकेक शब्द सांगत गेल्या. मी खुणा करत गेले. चौऱ्याण्णव. हायसं वाटलं, आणि त्याच दमात तोंड लपवावंसंही.

तळाशी 'यादीत नसलेले शब्द' अशी जागा होती. मावशी घुटमळल्या.

"एक आहे, पण राहू दे."

"सांगा ना."

"बाहुलीला गादीवर निजवते. मग दाराकडे जाते नि म्हणते, 'आलेच हं'. अन् बाहुली राहते तिथंच."

रोज सकाळी त्याच दारात मी तेच म्हणते. लिहून घेतलं. मग वरचं 'आई' खोडलं.

"इथं काय लिहू?"

"मावशी लिहा. सख्खी का चुलत ते विचारू नका, म्हणजे झालं."

मी हसले. नीट जमलं नाही.

भुंगीला कडेवर घेतलं, एका पायात मोजा होता, एक पाय उघडाच. दारात पोचलो तशी ती माझ्या खांद्यावरून मागे वळली, मावशींना हात हलवला आणि स्पष्ट म्हणाली, "आलेच हं."

मी स्वतःच्या कानांनी ऐकलेला हा सत्ताविसावा.