नीलेशच्या ई-मेलमधली भानामती

काशीमीऱ्याला एका गॅरेजवरच्या खोलीत भरदुपारी अक्षरबाबांसमोर ही गर्दी! पुढे बसल्या होत्या आमच्या बिल्डिंगमधल्या सुलूकाकू, उपाशी, हातात बोटीवर नोकरी करणाऱ्या मुलाच्या, नीलेशच्या ई-मेलची प्रिंट. तारीख आणि इंग्रजी नाव स्वच्छ, पण मराठी मजकुराच्या जागी नुसतं =E0=A4, पुन्हा =E0=A4.

"बघा, इंग्लिश साफ येतंय, मराठीच जळतेय," बाबा म्हणाले. "कुलदेवी कोपलीय. प्रत्येक अक्षरावर तिची खूण. अक्षरं उघडेपर्यंत माईने उपास करायचा, गोळ्या बंद."

काकूंना मधुमेह आहे. मी, रुचिता, शाळेत कॉम्प्युटर शिकवते. आठवडाभर घसा कोरडा केला, पण मेल दुसऱ्याला दाखवला तर मुलाचं वाईट होईल, अशी धमकी बाबांनी देऊन ठेवलेली. आणि काकूंना गाडीतून इथे आणणारा कोण, तर आमचा सेक्रेटरी जितेंद्र, चांगला शिकलेला इंजिनिअर. डोकं फिरतं.

त्या दिवशी मीही तसलीच एक प्रिंट बाबांपुढे धरली. त्यांनी डोळे मिटले आणि माझ्या घरावर मृत्यूची छाया असल्याचं सांगितलं.

"ही साबुदाणा खिचडीची रेसिपी आहे," मी म्हणाले आणि मोबाइलवर सगळ्यांसमोर तो मजकूर उलगडून दाखवला. शेंगदाण्याचं कूट, जिरं, सगळं मराठीत.

मग समजावलं. ई-मेलची जुनी यंत्रणा फक्त साधी इंग्रजी अक्षरं आणि आकडे वाहून नेते. म्हणून मराठीचं प्रत्येक अक्षर अशा चिन्हांत बांधून पाठवतात. पलीकडे ते सोडायचं राहिलं की हे असं दिसतं. मराठीच्या जवळजवळ प्रत्येक अक्षराची सुरुवात E0 A4 नेच होते, तीच बाबांची खूण.

"खिचडीतपण देवी असते," मागून कुणीतरी म्हणालं. जितेंद्र खाली बघत होता. बाबांनी पुढच्या माणसाला बोलावलं, आणि तो गेलासुद्धा!

काकूंनी मात्र आपला मोबाइल माझ्या हातात दिला. मी नीलेशचा मेल उलगडला.

'आई, मी मजेत आहे. नेटवर्क नाही म्हणून फोन नाही. साखरेची गोळी चुकवू नकोस.'

काकूंनी तो पुन्हा पुन्हा वाचला. उठताना त्यांचा तोल गेला, मी धरलं.

"रिक्षा बोलाव," त्या म्हणाल्या, "डॉक्टरकडे जाऊया."

लोकहो, न कळणारं काही समोर आलं तर ज्याला ते कळतं त्याला विचारा. आणि जो दाखवू नका म्हणतो, त्याच्यासमोरून आधी उठा.